पायाखालची ओल

दारकरणीच्या पायाचे बूट गोदामात नव्हतेच. बायकांच्या मापात तिची बोटंच शिरेनात. चाळीस वर्षं चिखलात उभं राहून पाऊल असं पसरलं होतं की बोटाबोटांत फट, आणि टाचेच्या भेगा अशा की त्यांत लिंबाची बी रुजावी. गोदामवाल्याने दोनदा हसून घेतलं आणि शेवटी पुरुषांचे नऊ नंबरचे काढले. काळे, रबराचे, गुडघ्यापर्यंतचे. ते घालून ती घरी आली तेव्हा नवरा ओट्यावर बसून फावड्याचा नवा दांडा काचेने तासत होता. कंबर गेल्यापासून त्याचं बागेत जाणं बंद झालं होतं, जीभ मात्र रोज कामावर होती.

"अगं, कुठल्या लढाईला निघालीस?"

"नियम झालाय. बागेत अनवाणी दिसलं की त्या दिवसाचा खाडा."

"मग पाणी कसं कळायचं तुला?"

"पाणी कळायचं नाही म्हणे आता. पाणी बघायचं. भिंतीवर."

नवऱ्याने दांडा डोळ्यासमोर धरून वाक कुठे आहे ते पाहिलं. "बरंय की," तो म्हणाला. "उद्या भूकही भिंतीवर बघू. तेवढाच स्वयंपाक वाचेल."

दारकरीण म्हणजे पाण्याची दारं धरणारी. पाटातून पाणी आलं की फावड्याने वाफ्याचं दार फोडायचं, वाफा भरला की बुजवायचं, पुढचं फोडायचं. हे कुणीही करील. पण वाफा भरला कधी, हे डोळ्याला दिसत नाही. डोळ्याला दिसतं ते वर उभं राहिलेलं पाणी, आणि वरचं पाणी लबाड असतं. खरं काय ते तळव्याला कळतं. माती आधी पावलाला उलटी रेटते, मग ऐकते, मग बोटांच्या मधून वर येते, आणि तळवा गार पडला की समजायचं, मुळापर्यंत पोचलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चिखलात उभं राहणाऱ्याला ते कळतंच, आणि न राहणाऱ्याला सांगून कळत नाही.

बाग लिंबांची होती. जुने मालक गेले, त्यांच्या मुलांनी ती एका कंपनीला चालवायला दिली, आणि कंपनीने साहेब पाठवला. साहेब पस्तिशीचा, बोलायला गोड, उन्हात लाल होणारा. त्याने वरच्या बागेत नळ्या टाकल्या, झाडाझाडाशी थेंब पाडणाऱ्या. जागोजागी जमिनीत पांढऱ्या कांड्या रोवल्या. कांडी जमिनीतली ओल मोजायची आणि पंपाच्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायची. त्या पडद्यापुढे बसायचं काम दारकरणीच्या मुलाला मिळालं होतं. शिकलेला होता, हुशार होता. सगळी बाग त्याला मीटर म्हणायची. तोंडावर 'मीटरसाहेब', मागे नुसतं मीटर. महिनाभराने तो कायम होणार होता.

खालच्या पट्टीत एक्केचाळीस झाडं होती, बागेतली सगळ्यांत जुनी. दारकरीण लग्न होऊन आली त्या वर्षी तिने आणि नवऱ्याने ती लावली होती. खड्डे त्याने खणले, रोपं तिने डोक्यावरून आणली. जमीन मालकाची, झाडंही मालकाची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण बाळंतपण दुसरीकडे झालं म्हणून मूल परकं होत नाही, असं ती म्हणायची.

लिंबाचं माणसाच्या उलट असतं. त्याला फुलवायचं तर आधी तहानेलं ठेवावं लागतं. काही आठवडे पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाड जिवाला घाबरतं. मग नेमक्या दिवशी भरपूर पाणी द्यायचं, की घाबरलेलं झाड अंगभर कळ्या काढतं. याला ताण म्हणतात. ताण कमी पडला तर नुसती पानं येतात. जास्त झाला तर झाड फुलत नाही, वाळतं. तो नेमका दिवस कोणता, यावरून दारकरीण दरवर्षी जुन्या मालकाशी भांडायची, आणि दरवर्षी मालक हरून जेवायला जायचे.

यंदा भांडायला कुणी नव्हतं. पडदा होता.

"पट्टीचं पाणी कधी सोडायचं रे?" तिने पंपाच्या खोलीच्या दारात उभं राहून विचारलं. आत यायचं तर बूट पुसावे लागायचे.

"ओल आहे अजून, आई. हे बघ, हिरवं दिसतंय. ताण बसलेलाच नाही."

"पानं वळायला लागलीत."

"ऊन आहे म्हणून. खाली ओल आहे."

तिने मानलं. पोटचं पोर, शिकलेलं, वर हिरवा दिवा. का नाही मानायचं? आठ दिवसांनी तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा हिरवं दाखवलं, तिने पुन्हा मानलं. बुटांत तिचे पाय दिवसभर घामात भिजायचे. संध्याकाळी काढले की तळवे पांढरे, सुरकुतलेले, पाण्यात राहिलेल्या कपड्यासारखे. भेगांची जुनी कातडी सालं सालं होऊन निघायला लागली.

"पाय गोरे होताहेत तुझे," नवरा म्हणाला.

"गोरे कसले. आंधळे होताहेत."

महिना भरत आला तेव्हा साहेब पट्टीत आला. हातात ब्रश होता, लाल रंगाचा डबा होता. डबा धरायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने दारकरणीला हाक मारली.

"मावशी, जरा धरता का?"

तिने धरला. पहिल्या झाडाच्या खोडावर त्याने लाल फुली मारली. मग दुसऱ्या. पाचव्या झाडापर्यंत तिला कळलंच नाही हे काय चाललंय, आणि कळलं तेव्हा डबा तिच्याच हातात होता.

"हे कशाला, साहेब?"

"झाडं म्हातारी झाली, मावशी. ओल आहे तरी वाळतायत, म्हणजे मुळंच गेली. तीन आठवड्यांनी करवतवाला येईल. इथे खाली फरशी, वर पत्रा. माल निवडायला शेड पाहिजेच होती."

"मुळं नाही गेली यांची."

"मीटर खोटं बोलतं का?"

मीटर तिचा मुलगा होता. एक्केचाळीस फुल्या होईपर्यंत ती डबा धरून मागे मागे फिरली. शेवटच्या झाडाशी साहेब म्हणाला, "थँक्यू मावशी," आणि ब्रश तिच्याच हातात देऊन गेला. तिची बोटं लाल झाली होती. त्या दिवशी तिला स्वतःची लाज वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे सावलीत भाकर खात असताना, ती पट्टीतून चालली होती आणि लिंबाचा काटा बुटाच्या तळातून आरपार टाचेत गेला. ती मटकन खाली बसली, बूट ओढून काढला, काटा उपसला. रक्त पुसायला म्हणून पाऊल मातीवर टेकवलं आणि तसंच टेकवून राहिली.

माती तव्यासारखी होती. वरची नव्हे, आतली. तिने बोटांनी उकरलं. मनगटापर्यंत हात गेला तरी नुसता फुफाटा.

तिने दुसराही बूट काढला. दोन्ही बूट झाडाखाली टाकले आणि चालायला लागली. या झाडाशी थांब, टाच रोव, पुढच्या झाडाशी जा. सगळीकडे तेच. कोरडं, भाजकं, तडकलेलं. रांगेच्या मध्यावर एका झाडाची जागा मोकळी होती, तिथे मात्र तळवा एकदम गार पडला. ती दचकली. त्या गार जागेच्या बरोबर मध्यावर पांढरी कांडी उभी होती. हातभर अंतरावर वरच्या बागेला जाणाऱ्या मोठ्या नळीचा जोड होता, आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

मग तिला सगळं आठवलं. इथे खळं होतं. झाडं लावायच्या आधी वर्षानुवर्षं बैल गोल गोल फिरून धान्याची मळणी व्हायची ते खळं. चोपून चोपून विटेसारखं झालेलं. खड्डे खणताना इथेच नवऱ्याची पहार वाकली होती, म्हणून ही एक जागा सोडून पुढचं रोप लावलं होतं. वर वीतभर माती साचली, खाली खळं तसंच. जोडातून गळलेला थेंब खाली जातच नव्हता, साचून राहत होता. आजूबाजूची एक्केचाळीस झाडं तहानेने मरत होती आणि ही कांडी बशीतलं पाणी मोजून ओल आहे, ओल आहे म्हणून सांगत होती.

कांडी रोवली होती मीटरने. मोकळी जागा दिसली, मुळांना धक्का नको, असा चांगला विचार करूनच रोवली असणार. या जागेवर तो आयुष्यात कधी अनवाणी चालला नव्हता. त्याला कोण चालू देणार होतं? पाचवीत होता तेव्हा पाटात पाय घालून बसला म्हणून तिनेच त्याला बदडलं होतं. 'चिखलात पाय घालशील तर माझ्यासारखा होशील,' असं म्हणाली होती. त्याच आठवड्यात त्याला बुटांचा जोड आणला होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो आधी मोठ्याने हसला. "खळं! अगं, माझी पहार खाल्ली त्याने. मग आता मीटर काय चीज!" मग त्याचं हसू उतरलं. "पोराला बोललीस?"

"नाही."

"बोललीस तर तो सरळ जाऊन साहेबाला सांगेल. तुझ्यावर गेलाय. कायम व्हायचं राहिलं बाजूला, हाकलतील त्याला."

"म्हणून तर नाही बोलले."

"आणि नाही बोललीस तर झाडं जाणार."

"झाडं जात नाहीत," ती म्हणाली. "पाणी मी सोडणार आहे. इतकी वर्षं सोडलं तेव्हा कुणी विचारलं नाही. आता विचारलं तर म्हणेन, बाई म्हातारी झाली, डोकं फिरलं."

"ते तर मी लग्नापासून सांगतोय." त्याने नव्या दांड्याचं फावडं तिच्यापुढे सरकवलं. "पातं घासून ठेवलंय. जपून, धार आहे."

सकाळी बागेचं फाटक उघडलं तेव्हा तिने बूट काढून फाटकाशेजारी नीट जोडीने ठेवले, पाहुणे ठेवतात तसे, आणि आत गेली. वरच्या तळ्यातून पट्टीत येणारा जुना पाट नळ्या आल्यापासून बंद होता. पाल्याने, प्लास्टिकने, नळ्यांच्या तुकड्यांनी बुजला होता. तिने ते उपसलं. साडी वर खोचली, कमरेतून वाकली आणि दोन तास सरळ झाली नाही. तळ्याशी पाटाच्या तोंडावर मातीचा बांध होता. तो तिने चार घावांत फोडला.

पाणी आलं. आधी पाटातली धूळ पुढे ढकलत, गढूळ, फेसाळ. मग सरळ झालं. तिने पहिल्या वाफ्याचं दार फोडलं तसा मातीतून आवाज आला, तहानेलं जनावर हौदाला तोंड लावतं तसा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही, हात चिखलाचे होते.

आठवा वाफा भरत असताना साहेब आला. मागे लिंबं निवडणाऱ्या बाया, फवारणीवाले, गोदामवाला, सगळे काम सोडून आले.

"मावशी! कुणाला विचारून सोडलंत?"

"कुणाला नाही."

"बंद करा आधी!"

"वाफा अर्धा आहे, साहेब. अर्ध्यावर दार बुजवता येत नाही."

"ही झाडं मेलीत. तुम्ही मेलेल्या झाडांना पाणी घालताय! आणि बूट कुठे आहेत तुमचे?"

"फाटकाशी. त्यांना आत यायचं नव्हतं."

बायांत कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब लालाचा जांभळा झाला. "उद्यापासून येऊ नका कामावर."

"उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली. तिने आठवं दार बुजवलं. "आज तेहतीस झाडं राहिलीत."

"पाटाचं तोंड बुजवा रे!" साहेब ओरडला. फवारणीवाले एकमेकांकडे बघत राहिले. गोदामवाल्याला एकदम बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. एकही माणूस फावड्याला हात लावेना. तेवढ्यात मीटर धावत आला. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ बूट. तो बांधावरच थांबला.

"हे बघ, तुझी आई काय करतेय," साहेब म्हणाला. "सांग यांना किती ओल आहे ते. आणि जा, तू बुजव."

मीटरने आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघेना. "माझ्या मनात आलं म्हणून सोडलं," ती साहेबाला म्हणाली. "पोराला यातलं काही माहीत नाही."

पाणी रांगेतून पुढे सरकत होतं. जाईल तिथे माती ते पिऊन टाकत होती. पण मधल्या मोकळ्या जागेत शिरलेली धार तिथेच उभी राहिली. जिरेना, हलेना. वर पांढऱ्या कांडीची सावली पडलेली. मीटर बघत राहिला. हुशार पोरगा, त्याला जास्त वेळ लागला नाही. त्याचा चेहरा आधी उतरला, मग घट्ट झाला. तो बांधावर बसला, बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून आत कोंबले आणि पाण्यात उतरला. पहिल्याच पावलाला काटा लागला. तो कळवळला, पण थांबला नाही. त्या मोकळ्या जागेत जाऊन त्याने टाच दाबून पाहिली.

"आई, खाली काय आहे?"

तिने फावड्याने पाटातला पाला बाजूला ओढला.

"आई, मी विचारतोय, खाली काय आहे?"

"खळं आहे," ती म्हणाली.

त्याने कांडी उपसली आणि पाणी न पोचलेल्या एका झाडाशी नेऊन रोवली. पडद्यावरचं सगळं त्याच्या फोनवरही दिसायचं. तो खिशातून काढला, पाहिला, साहेबापुढे धरला. लालभडक.

"साहेब, कांडी मी लावली होती. चुकीच्या जागी. महिनाभर मी चुकीचं वाचत होतो. झाडं म्हातारी नाहीत, तहानेली आहेत."

"आता कळून काय उपयोग? जायची ती गेली," साहेब म्हणाला. शेडचा नकाशा मंजूर होऊन आला होता, आणि इतक्या लोकांसमोर मागे फिरायचं कसं, हेही होतंच. "जा, पाट बुजव. मग तुझं काय ते बघू."

मीटरने आईच्या हातातलं फावडं घेतलं. सगळ्यांना वाटलं, हा निघाला पाटाच्या तोंडाकडे. तो नवव्या वाफ्याशी गेला, आणि आडव्या हाताने, अगदी अडाणी घाव घालून, त्याने दार फोडलं.

"अरे, सरळ धर!" दारकरीण ओरडली. "पाय कापून घेशील मेल्या!"

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस वाफे भरले. साहेब केव्हाच निघून गेला होता. त्याने दोघांचं येणं बंद केलं आणि फाटकावर राखणदार बसवला. नवऱ्याने तिच्या रबरी बुटांत माती भरून मिरचीची रोपं लावली. "आत्ता कुठे कामाला आले," तो म्हणाला. त्या विनोदावर मात्र घरात कुणी हसलं नाही. मीटर तीन आठवडे दुसऱ्यांच्या विहिरीवर गाळ काढायला गेला. पायाला फोड आले, फुटले, पुन्हा आले. आईने ते रोज पाहिले. या खेपेला तिने बदडलं नाही की बूट आणून दिले नाहीत.

करवतवाला येणार त्या दिवशी पहाट फुटताच दारकरीण फावडं खांद्यावर टाकून फाटकाशी गेली. मागे मीटर, त्याच्यामागे काठी टेकत नवरा. राखणदाराला नेमका तेव्हाच खोकला आला आणि तो पाठ फिरवून बराच वेळ खोकत राहिला.

पंधरावा वाफा भरत असताना करवतवाला आला. यंत्राची करवत खाली ठेवून त्याने कुठून सुरुवात करावी म्हणून वर पाहिलं. बघतच राहिला.

"मला वाळलेली झाडं सांगितली होती," तो म्हणाला.

"मग?" दारकरणीने विचारलं.

"मग साहेबाला बोलवा. मी वाळलेलीच तोडायला आलोय."

साहेब आला तो तणतणतच. बांधावरून ओरडला, दारकरणीने ऐकलं नाही. करवतवाल्याला ओरडला, त्याने नुसतं वर बोट दाखवलं. बांधावरून साहेबाला काही दिसेना, म्हणून तो वाफ्यात उतरला. दोन पावलं नीट पडली. तिसऱ्याला पाय घोट्यापर्यंत रुतला. त्याने जोर करून उपसला, तर पाय वर आला आणि बूट आतच राहिला. एका पायावर तोल जातोय म्हणताना त्याने दुसरा पाय तसाच मोज्यासकट चिखलात टेकला आणि झाडाची फांदी धरली.

फांदी त्याच्या नाकासमोर आली. पानापानाच्या बगलेत कळ्या होत्या. टाचणीच्या डोक्याएवढ्या, जांभळट पांढऱ्या, दाटीवाटीने. लाल फुलीच्या वरच्या कोवळ्या डहाळीवरसुद्धा. दोन-चार फुटल्याही होत्या आणि त्यांचा वास येत होता. साहेबाने पुढची फांदी वाकवली, त्याच्या पुढची वाकवली. त्याचा राग कुठे गेला ते त्यालाच कळलं नसावं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "या सगळ्यांना आल्यात?"

"एक्केचाळीस. मोजून घ्या."

तो तसाच उभा राहिला. एका पायात बूट, दुसरा मातीत. बांधावर बाया जमल्या होत्या, पण हसत कुणी नव्हतं.

"मोजा काढा," दारकरीण म्हणाली.

"काय?"

"मोजा काढा पायातला. आणि नीट दाबून उभे राहा. काय लागतं सांगा."

साहेबाने इकडे तिकडे पाहिलं. फांदी धरूनच वाकला, मोजा ओढून काढला, आणि गोरा, कधी ऊन न पाहिलेला पाय चिखलात दाबला. पाटातलं पाणी तेवढं वाहत होतं.

"गार," तो म्हणाला. "गार लागतंय. बोटांच्या मधे."

"मग भरला वाफा." तिने फावडं त्याच्यापुढे धरलं. "दार बुजवा, आणि पुढचं फोडा. अजून सव्वीस झाडं राहिलीत."